ह्यातली माझी कंची

माझ्या टेबलाच्या उजवीकडच्या दुसऱ्या खणात, पोस्टाच्या तिकिटांच्या डबीशेजारी, एक लाकडी फणी आहे. मागच्या डिसेंबरात तुम्ही आलात तेव्हा धाकटीने ती बाहेर काढली, वास घेतला आणि नाक मुरडून परत टाकली. थोरल्याने विचारलं, आजी, तुझ्या घरात एक चमचा जागेवरून हललेला चालत नाही, मग ही दात पडलेली वस्तू तू कशाला ठेवली आहेस? मी म्हटलं, सवडीने लिहून कळवीन. आता सवड काढली आहे.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं. माझं इंग्रजी तुमच्या बाबापेक्षा अजूनही बरं आहे. पण या हकिकतीत दोन-तीन वाक्यं अशी आहेत की ती मला इंग्रजीत नेता येत नाहीत, आणि ती वगळली तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. अडलं तर आईला विचारा.

बहात्तर साली, दुष्काळाच्या वर्षी, मी इस्लामपूरजवळच्या एका मुलींच्या बालगृहात अधीक्षिका म्हणून लागले. तुमचे आजोबा साखर कारखान्यात इंजिनियर होते. मी सांगलीला इंग्रजी घेऊन बी. ए. झाले होते, त्यामुळे मी हायस्कुलात शिकवीन असं सगळ्यांना वाटत होतं. तिथे जागा नव्हती, बालगृहात होती. बैठी पत्र्याची इमारत, पुढे लांब व्हरांडा, मागे विहीर. सहा ते चौदा वर्षांच्या चाळीस मुली, स्वयंपाकाला एक मावशी, एक शिपाई आणि मी.

गावात सगळे त्या जागेला अनाथाश्रम म्हणत. मी तो शब्द तेव्हाही खोडत असे. त्यातल्या बऱ्याच मुलींना आई होती. कोणाची आई दुष्काळी कामावर खडी फोडत होती, कोणाची मिरजेला क्षयाच्या वॉर्डात होती. एकीचे वडील पलटणीत होते आणि दर महिन्याला न चुकता पत्र पाठवत. मुलींना माणसं होती. त्या वर्षी त्या माणसांकडे त्यांना ठेवायला जागा नव्हती आणि पाजायला पाणी नव्हतं, एवढंच.

मी कामाला लागले ती तुम्हाला माहीत असलेल्या पद्धतीने. पहिल्या महिन्यात प्रत्येक फ्रॉकवर लाल दोऱ्याने नंबर भरून घेतले. उठण्याचं, विहिरीवर जाण्याचं, अभ्यासाचं वेळापत्रक लावलं. भेटीचा दिवस महिन्याचा पहिला रविवार, प्रत्येकीला अर्धा तास, सुरुवातीला घंटा आणि शेवटाला घंटा. भेटीच्या वेळी मुलींनी व्हरांड्यात ओळीने बसायचं आणि आपला नंबर पुकारल्याशिवाय जागचं उठायचं नाही. हा नियम माझा होता. आधी त्या दिवशी नुसता गोंधळ असे, रडारड असे, पोरी फाटकाकडे धावत. माझ्या नियमाने सगळं शांत झालं. संस्थेचे अध्यक्ष, एक वयस्क वकील, मला म्हणाले, वहिनी, तुम्ही जागेला शिस्त आणलीत. मला बरं वाटलं. हे कबूल केल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

आता उवांबद्दल. चाळीस मुली एका हॉलमध्ये सतरंज्यांवर झोपत. दुष्काळात अंघोळीला पाणी दोन दिवसांआड मिळे. उवा होणारच. त्यावर संस्थेची जुनी वहिवाट अशी होती की उन्हाळ्यात, सांगलीहून तपासणीला साहेब यायच्या आधी, गावातून न्हावी बोलावून सगळ्या मुलींची डोकी चकोट करायची. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात हे काम मी केलं. वस्तरा न्हाव्याने चालवला, पण यादी माझी होती, नंबरवार, सुवाच्य अक्षरात. पाट मांडून ठेवले, गरम पाणी तयार ठेवलं, झालेल्या नंबरापुढे खूण केली. जेवायच्या घंटेच्या आत चाळीस डोकी झाली. केस मावशीने पोत्यात भरले. कोणी फारसं रडलं नाही. त्याचाही मला अभिमान वाटला, मुली शिस्तीत वागल्या म्हणून.

पुढच्या रविवारी औंधच्या बाजूच्या एका मुलीची आई आली. मुलगी आठ वर्षांची होती. वडील वारलेले, आई दुष्काळी कामावर. त्यांच्या गावाहून कऱ्हाड आणि कऱ्हाडहून इस्लामपूर, दोन एस. टी. बदलून ती बाई आली होती, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदाच. मी तेव्हा टेबलापाशी आलेल्यांची नोंद करत होते. तिचं नाव लिहिलं आणि म्हटलं, जा, ओळीत बसली आहे. नंबर पुकारायचा राहून गेला. कोणीतरी मध्येच काहीतरी विचारलं, मी तिकडे वळले.

ती बाई ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. वाकून एकेकीकडे बघत गेली. मग परत आली, माझ्या टेबलासमोर उभी राहिली, आणि पदर तोंडाशी धरून हळूच म्हणाली, "आवं बाई, ह्यातली माझी कंची?"

मी मान वर केली. सारख्या फ्रॉकमध्ये, सारख्या गोट्यांच्या चाळीस मुली भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. मी नंबर पुकारला. मधली एक मुलगी उठली. तिची आई तिच्यासमोरून दोनदा गेली होती.

अर्धा तास त्या दोघी समोरासमोर बसल्या. आईने आणलेल्या शेंगा मुलीच्या ओच्यात घातल्या. मग तिला हातांचं काय करावं ते कळेना. दोन वेळा तिने मुलीच्या डोक्याकडे हात नेला आणि परत मांडीवर ठेवला. घंटा झाली, ती गेली.

संध्याकाळी मी त्या मुलीला विचारलं, तुझी आई तुला शोधत होती, मग तू हाक का मारली नाहीस? ती माझ्याकडे बघून म्हणाली, "नंबर पुकारला न्हवता."

मुलांनो, मला आयुष्यात बरीच माणसं टोचून बोलली आहेत. ती मुलगी टोचून बोलली नव्हती. मी शिकवलेला नियम तिने मला म्हणून दाखवला होता.

त्यानंतर तिची आई आलीच नाही. पुढचा रविवार गेला, पावसाळा गेला, दिवाळी गेली. आम्हाला नंतर समजलं की तिच्या गावाकडचं काम बंद झालं आणि ती दुसऱ्या तालुक्यात लांबच्या कामावर गेली होती. पण मुलीने त्याचा वेगळाच अर्थ लावला होता. तो मला मावशींकडून कळला. मावशी मलकापूरच्या, तोंडाने फटकळ, आणि मुली जे मला सांगत नसत ते भाकऱ्या थापताना त्यांना सांगत. त्यांनी एक दिवस मला स्वयंपाकघरात थांबवलं. ती पोर म्हणती, त्या म्हणाल्या, आई लय वेळा येऊन गेली असंल, मी घावले नसंन म्हणून परत गेली असंल.

तिचे केस वाढत होते. आधी कानापर्यंत आले, मग मानेपर्यंत. ती ते बोटांनी मोजायची. होळी झाल्यावर तिने मला विचारलं, बाई, ह्या वर्षी न्हावी कवा यायचा? मी म्हटलं, बघू. थोड्या दिवसांनी एक पोस्टकार्ड आलं. कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं, वाकड्या अक्षरात. काम सुटतंय, मे महिन्याच्या पहिल्या रविवारी येते, पोरीला सांगा.

न्हाव्याचा दिवस नेहमीप्रमाणे त्याच आठवड्यातला होता. साहेब नंतरच्या आठवड्यात येणार होते.

मी अध्यक्षांकडे गेले आणि सगळी हकिकत सांगून म्हटलं, एवढ्या एका मुलीला सोडा. ते वाईट माणूस नव्हते. पदरमोड करून त्यांनी ती जागा उभी केली होती. ते शांतपणे म्हणाले, वहिनी, एकीच्या डोक्यात राहिल्या की पंधरा दिवसांत चाळीस जणींच्या डोक्यात जातात. हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी परत आले.

परतल्यावर आणखी एक गोष्ट झाली. मी कोणाशी काय बोलले ते त्या जागेत पाच मिनिटांत सगळ्यांना कळत असे. थोरल्या मुलींपैकी एक, तेरा वर्षांची, विहिरीवर मला गाठून म्हणाली, "तिच्या एकटीचंच ठेवणार व्हय केस? आमी काय मेंढरं हाय?" मी तिला उद्धटपणे बोलू नकोस म्हणून दटावलं. दटावून खोलीत आले, बसले, आणि मला माझीच लाज वाटली. मी एका मुलीसाठी दया मागायला गेले होते. चाळीस जणींचं जे होतं ते मागायचं मला सुचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा अध्यक्षांकडे गेले आणि म्हटलं, ह्या वर्षी न्हावी नको. मला पंधरा दिवस द्या, मी उवा काढून दाखवते. त्यांनी दिले, काहीशा मजेने. हे तुमचं बी. ए. चं खूळ आहे, म्हणाले.

मग मी जे मला येतं ते केलं. वेळापत्रक लावलं. पाच मोठ्या फण्या आणि पाच बारीक दातांच्या फण्या बाजारातून आणल्या. प्रत्येक थोरलीकडे दोन धाकट्या दिल्या. रोज शाळा सुटल्यावर व्हरांड्यात बसायचं, आधी तेलाचा हात, मग फणी, मग लिखा नखाने ओढून काढायच्या. सतरंज्या रोज उन्हात, उशांचे अभ्रे आठवड्याला उकळत्या पाण्यात. मावशींना सीताफळाच्या बिया वाटून लावायच्या होत्या. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांत गेलं तर डोळे जातील, म्हणून ते मी होऊ दिलं नाही आणि मावशी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. कोणी कोणाचं डोकं मांडीवर घ्यायचं, यावरून पहिल्या आठवड्यात कुरबूर झाली. काय म्हणून झाली ते तुमचे आईबाबा तुम्हाला समजावून सांगतील. मी जोड्या बदलल्या नाहीत. ज्यांनी कुरबूर केली त्यांचं डोकं मी स्वतः बघितलं, आणि त्यांनी कोणाचं बघायचं तेही मीच ठरवलं. चार दिवसांनी कोणाला काही आठवतही नव्हतं.

आणि एक वेगळीच गोष्ट दिसू लागली, जी माझ्या वेळापत्रकात नव्हती. त्या तासाला मुली बोलत. एरवी आमच्याकडे शांतता असे, जी मी शिस्त समजत होते. आता एकीच्या हातात दुसरीचं डोकं आलं की गप्पा सुरू होत. घरच्या म्हशीच्या, बहिणीच्या लग्नाच्या. सहा वर्षांची एक मुलगी, जी आल्यापासून कोणाशी बोलली नव्हती, ती थोरलीला म्हणाली, हळू वढ की गं, भवाने. मावशी हसून हसून खाली बसल्या. मीही हसले आणि तिला काही म्हटलं नाही.

पंधराव्या दिवशी समितीवरच्या एक बाई आल्या. त्यांनी दहा डोकी बघितली. नवव्या डोक्यात एक ऊ निघाली. एकच. त्यांनी ती कागदात घेऊन अध्यक्षांना नेऊन दाखवली.

गुरुवारी सकाळी शिपाई न्हाव्याला घेऊन आला. मागून अध्यक्षही आले. त्यांनी शिपायाला पाट मांडायला सांगितला. न्हाव्याने व्हरांड्याच्या पायरीवर धोकटी उघडली, वस्तरा काढला, पट्ट्यावर घासायला लागला. मुली ओळीत उभ्या होत्या. औंधकडची ती मुलगी मधेच कुठेतरी होती. तिने दोन्ही हात डोक्यावर ठेवले होते. ती रडत नव्हती.

यादी माझ्याकडे मागितली गेली. मी म्हटलं, मी यादी केलेली नाही. अध्यक्ष म्हणाले, मग मुली उभ्या आहेत तशा एकेक येऊ देत. मला त्या क्षणी काही थोर सुचलं असं नाही. मला एवढंच दिसलं की पाट रिकामा आहे आणि पहिली मुलगी पाऊल टाकते आहे. मी तिच्या आधी जाऊन पाटावर बसले, अंबाडा सोडला आणि न्हाव्याकडे पाठ केली. माझे केस तेव्हा कमरेच्या खाली होते.

"माझ्यापासून सुरू करा," मी म्हटलं. "माझ्याही डोक्यात उवा आहेत."

हे खरं होतं. पंधरा दिवस चाळीस डोकी बघितल्यावर आणखी काय होणार?

वस्तरा घासण्याचा आवाज थांबला. तुम्हाला हे समजायला थोडं अवघड जाईल. बाईच्या केसांना वस्तरा लावणं म्हणजे त्या काळी काय होतं, ते माझ्या आईच्या मावशीने भोगलं होतं. नवरा गेल्यावर तिचे केस काढले गेले होते; नवरा हयात असताना काढणं म्हणजे त्याचं मरण चिंतणं. न्हाव्यालाही ते माहीत होतं. त्याने वस्तरा मिटला.

"न्हाई जमायचं, बाई," तो म्हणाला. "तुमच्या कपाळाला कुकू हाय. असलं पाप माझ्या हातनं न्हाई व्हायचं."

मी म्हटलं, "त्यांच्याही कपाळाला टिकल्या आहेत. बघा."

त्याने बघितलं. त्या टिकल्या मावशींनी लावल्या होत्या, त्या सकाळी, एकीला न वगळता. मला त्याची कल्पना नव्हती.

अध्यक्ष म्हणाले, बाई, हा तमाशा पुरे. एरवी ते मला वहिनी म्हणत, त्या दिवशी पहिल्यांदा बाई म्हणाले. मी उठले नाही. म्हटलं, मला काढायचं तर लेखी काढा आणि कारण लिहा, की मुलींचे केस राखले म्हणून. ते वळून फाटकाकडे चालू लागले. न्हाव्याने तोपर्यंत धोकटी बांधली. माझ्याकडे न बघता तो मावशींना म्हणाला, रॉकेलात तेल घालून लावा, लिखा मरत्यात, आन चुलीपासनं लांब बसवा. मग गेला. त्याने त्या जागेत पुन्हा पाऊल टाकलं नाही, आणि कोणी त्याला बोलावलंही नाही.

तुमच्या आजोबांना हे घरी येण्याआधी कारखान्यातच कळलं होतं. ते म्हणाले, त्याने वस्तरा चालवला असता तर मी लोकांना काय सांगणार होतो? मी म्हटलं, उवा झाल्या होत्या म्हणून सांगायचं. ते त्या रात्री वेगळी उशी घेऊन झोपले.

नंतरच्या आठवड्यात साहेब आले आणि त्यांनी शेऱ्यात लिहिलं की काही मुलींच्या डोक्यात उवा आढळल्या. अध्यक्षांनी तो शेरा बैठकीत मोठ्याने वाचला. मी म्हटलं, बरोबर आहे, आढळल्या असतील. माझ्या नोकरीच्या सगळ्या काळात तेवढा एकच वाईट शेरा मला मिळाला, आणि तो मी आजही कोणाला खोडू देणार नाही.

पण त्याआधीचा तो रविवार सांगायचा राहिला.

त्या सकाळी मी मुलींना ओळीत बसवलं नाही. ज्यांना फाटकाशी उभं राहायचं त्यांनी उभं राहावं, म्हटलं. गोंधळ झाला. रडारड झाली. एक मुलगी फाटकावर चढली. औंधकडची मुलगी मात्र व्हरांड्यात, मागच्या वर्षी बसली होती त्याच जागी जाऊन बसली. मी तिला म्हटलं, तूही जा. ती म्हणाली, नगो, आईला हितलं ठावं हाय. तिच्या दोन आखूड वेण्या थोरलीने लाल फितीने बांधल्या होत्या. केस पुरत नव्हते, म्हणून फीतच जास्त दिसत होती.

दुसऱ्या गाडीने तिची आई आली. काळवंडलेली, मागच्यापेक्षा वाळलेली. टेबलापाशी थांबली नाही, नाव सांगितलं नाही. सरळ व्हरांड्यात गेली आणि मुलीसमोर बसली. मग तिने मुलीला फिरवून पाठमोरी आपल्या पायांशी बसवलं आणि मोठ्या कष्टाने बांधलेल्या त्या वेण्या सोडून टाकल्या. कमरेच्या पिशवीतून एक लाकडी फणी काढली आणि डोकं बघायला लागली. ह्या खेपेला तिच्या हातांना काम होतं. बोलणं त्यानंतर सुरू झालं, हळूहळू, दोघींचंही. मी लांब होते. मला ऐकू आलं नाही, आणि ते माझ्यासाठी नव्हतं.

अर्धा तास झाला. घंटा माझ्या हाताशी होती. ती मी खणात ठेवली.

थोड्या वेळाने त्या बाईने अंगठ्याच्या नखावर काहीतरी चिरडलं आणि मान वर करून मला हाक मारली. "हाय की वं बाई अजून एक."

तिच्या आवाजात तक्रार होती, आणि ती तक्रार करायचा तिला पूर्ण हक्क होता. मागच्या वर्षी माझ्यासमोर पदर तोंडाशी धरून उभी राहिलेली हीच ती बाई. मी जवळ जाऊन बघितलं आणि म्हटलं, हो, चुकून राहिली.

तिने शेवटच्या गाडीच्या वेळेपर्यंत डोकं बघितलं, पुन्हा वेण्या घातल्या, आमच्या थोरलीने घातल्या होत्या त्यापेक्षा घट्ट. निघताना ती फणी तिने मुलीला दिली नाही, माझ्या हातात दिली.

"बाजारच्या फण्यांचं काय खरं न्हाई," ती म्हणाली. "हीनं आठवड्याला बघत जावा. आन फिरून हिचं डोकं चकोट केलंसा, तर मी हिला उचलून घिऊन जाईन. उपाशी ऱ्हाऊ आमी."

मी म्हटलं, करणार नाही.

त्या फणीने मी पुढे तिचं डोकं दोन वर्षं, दर शनिवारी बघितलं. तिची आई तिला घेऊन गेली तेव्हा मी फणी परत करायला काढली. ती म्हणाली, ऱ्हाऊ द्या, दुसऱ्या पोरी हायत की. मी ती जागा सोडली तोवर फणीचे निम्मे दात गेले होते. संस्थेच्या सामानाच्या यादीत ती कधीच नव्हती, म्हणून कोणाला न विचारता मी ती घेऊन आले.

तेव्हा पुढच्या वेळी खण उघडाल तेव्हा ती जागच्या जागी ठेवा. वास येतो तो खोबरेल तेलाचा आणि रॉकेलचा आहे. मी ती धुतलेली नाही आणि धुणार नाही.